पोलीस ठाण्याची पायरी

पोलीस म्हटला की खाकी गणवेश डोळ्यांपुढे येतो. त्यामागची रचना येत नाही. आम्ही ती पुस्तकात नव्हे, ठाण्याच्या बाकावर बसून शिकलो. कधी मोर्चाची परवानगी, कधी सोबत्याची अटक, अशी निमित्ते घडत गेली.

मुंबई, नागपूर, अमरावती अशा शहरांत पोलीस आयुक्त असतो. बंदोबस्तही त्याचा आणि जमावबंदीचा हुकूमही त्याचाच. बुलढाणा जिल्ह्यात हे अधिकार दोन हातांत आहेत. पोलीस दलाचा प्रमुख पोलीस अधीक्षक. जमावबंदीचा हुकूम मात्र काढतो जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपला कलेक्टर. १९५१ च्या पोलीस कायद्याने जिल्ह्यातील दलही त्याच्या नियंत्रणाखाली ठेवले आहे. मोर्चाचा अर्ज घेऊन निघणाऱ्याने हा फरक आधी जाणावा.

अधीक्षकाच्या हाताखाली उपविभागीय अधिकारी, त्याच्याखाली ठाणी. ठाण्याचा कारभारी बहुधा निरीक्षक. खाली सहायक निरीक्षक, उपनिरीक्षक, सहायक उपनिरीक्षक, हवालदार आणि शिपाई. आपली गाठ प्रथम पडते ती ठाणे अंमलदाराशी. खेड्यात पोलीस पाटील असतो. तो ठाण्याला खबर देतो.

आमच्यातील एका हमालाची ट्रंक प्रवासात चोरीस गेली. एका ठाण्याने सांगितले, “हद्द आमची नव्हे.” दुसऱ्याने तिसऱ्याकडे धाडले. ट्रंक गेलीच, तीन दिवसांची मजुरीही बुडाली. त्या वेळी काय म्हणावे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही नव्हते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ याचे उत्तर देते. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कोणतीही असो, ठाण्याने नोंदवावी आणि तिची नक्कल फिर्यादीला विनामूल्य द्यावी. नोंद नाकारली, तर तक्रारीचा मजकूर लिहून टपालाने अधीक्षकाकडे पाठवावा. तेथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, हे तर घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे.

शिपाईही आमच्यासारखाच पोटासाठी राबणारा. रात्रपाळी आणि बंदोबस्त यांत त्याचीही उमर जाते. त्याच्याशी भांडण नको. पण नक्कल मागितल्याखेरीज ठाण्याची पायरी उतरू नये.