चोक ओढलात का?

पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातली सकाळ आठवते? खाली फियाटच्या स्टार्टरची घरघर आणि गॅलरीतून आवाज, "अहो, चोक ओढलात का?" प्रीमियर पद्मिनी असो की बजाज चेतक, चोक हाताने ओढायचा आणि इंजिन तापलं की परत ढकलायचा. अमेरिकेत आलो आणि ती दांडीच गेली. इथला चोक आपोआप लागणारा. पुढे नव्या मोटारींत फ्युएल इंजेक्शन आलं आणि 1990 च्या सुमारास कार्बुरेटरच निवृत्त झाला.

आमच्या गराजमध्ये मात्र 1974 सालची एक गाडी अजून आहे. गेल्या नोव्हेंबरात तिने असहकार पुकारला. थंडीत कशीबशी सुरू व्हायची, गरम झाली की अडखळायची, मागून काळा धूर आणि गॅसचा भपका. आम्ही बॅटरी बदलली, प्लग बदलले. जुने प्लग काजळीने काळेकुट्ट झाले होते. खरं तर तेच ओरडून सांगत होते, आम्ही ऐकलं नाही.

काय होतं ते थोडक्यात सांगतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून कार्बुरेटरच्या तोंडावरची पातळ झडप मिटवून हवा कमी करायची, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. हाच चोक. ही झडप दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग हलवते. थंडीत ती झडप मिटवते, उष्णतेने सैल होऊन उघडू देते. ही उष्णता काही गाड्यांत एक्झॉस्टकडून मिळते, तर काहींत विजेच्या हीटरकडून. आमची झडप मिटलेलीच अडकली होती.

तपासणी अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड असताना एअर क्लीनरचं झाकण काढा. अ‍ॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून सोडा. झडप जवळजवळ मिटली पाहिजे. गाडी सुरू होताच व्हॅक्यूमच्या ओढीने ती किंचित उघडली पाहिजे आणि इंजिन तापल्यावर सरळ उभी राहिली पाहिजे. पहिल्यांदा मिटलीच नाही, तर थंडीत गाडी बंद पडत राहणार. किंचितही उघडली नाही, तर व्हॅक्यूमची नळी फाटलीय का बघा. तापूनही उभी राहत नसेल, तर आधी झडपेच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना कार्बुरेटर क्लीनर मारा. तेल नको, त्यावर धूळ बसते. विजेचा चोक असेल तर इंजिन चालू असताना त्याच्या तारेत वीज येते का, हेही पाहा. स्टार्टर मारताना मात्र कार्बुरेटरवर वाकू नका, भडका वर येतो.

आमचा इलाज क्लीनरच्या एका डब्यात झाला. पण त्याआधीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

एका शनिवारी बाहेर बोचरा वारा होता, म्हणून आम्ही गराजचं दार अर्धंच उघडून इंजिन चालू ठेवलं आणि झडपेशी झटापट करत बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. मुलगी त्याच खोलीत अभ्यास करत होती. "बाबा, सकाळपासून डोकं दुखतंय," असं ती म्हणालीही होती. आम्ही म्हटलं होतं, "पुस्तक बाजूला ठेव जरा." सगळे अंगणात पळालो, 911 ला फोन केला. ती बरी आहे, पण त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

अडकलेला चोक म्हणजे हवा कमी, जळण अर्धवट, आणि अर्धवट जळण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. इथल्या बहुतेक मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 1975 च्या मॉडेलपासून आला. आमची गाडी त्याच्या एक वर्ष आधीची. म्हणजे सगळं विष थेट बाहेर, आणि गराजच्या वर आमची झोपायची खोली!

तेव्हा मंडळी, जुनी गाडी जरूर सांभाळा. पण ती सुरू करायची तर ड्राइव्हवेवर, मोकळ्या हवेत. गराजचं दार उघडं असणं पुरत नाही. आमच्या घरी आता गॅलरीतून नवा प्रश्न येतो, "अहो, गाडी बाहेर काढलीत का?"

उत्तर दिल्याशिवाय चहा मिळत नाही.