परदेशात भाड्याची सायकल : अनामत, पासपोर्ट आणि ब्रेक

माल पाहण्यासाठी परदेशी जाणाऱ्या व्यापारी बांधवांपुढे एक लहानशी अडचण हमखास उभी राहते. चीनमधील शाओशिंगजवळच्या केचियाओची कापडपेठ इतकी विस्तीर्ण आहे, की एका इमारतीतून दुसरीत जाता-येताच दिवस सरतो. दरवेळी टॅक्सी परवडत नाही, भाषा येत नसल्याने बसही उमगत नाही. मग भाड्याची सायकल घ्यावी असे मनात येते. जव्हार-मोखाड्याकडील नव्या दुकानदारांकडून आम्हास याविषयी विचारणा होते, म्हणून हा खुलासा.

आपल्याकडे पूर्वी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. दुकानदार वहीत नाव व वेळ टाकी आणि "अमक्याचा मुलगा" एवढ्यावर सायकल हाती देई. ओळख हाच जामीन. परदेशात आपणास ओळखणारे कोणी नाही, म्हणून जामिनाच्या जागी अनामत येते. तकरारीही बहुतेक तिच्यावरूनच होतात.

काही पर्यटनस्थळी छोटे दुकानदार अनामत म्हणून पासपोर्टच मागतात. तो मुळीच देऊ नये. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. ती गहाण टाकण्याचा हक्क आपणास नाही. शिवाय व्यवहार म्हणून पाहा. उद्या सकाळचे विमान आहे, दुकानदार सायकलवरचा जुना ओरखडा दाखवून भरपाई मागतो आहे आणि पासपोर्ट त्याच्या गल्ल्यात आहे. अशा वेळी तो सांगेल ती रक्कम मोजावीच लागते. झेरॉक्स द्यावी, रोख अनामत ठेवून पावती घ्यावी. ऐकत नसेल तर पुढचे दुकान गाठावे.

कार्डावर अनामत घेतात तेव्हा ती रक्कम काही दिवस अडकून पडते. डेबिट कार्डात आपलेच रोख पैसे अडकतात, म्हणून क्रेडिट कार्ड बरे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवे कार्ड परदेशात आपोआप चालत नाही; ती सोय निघण्यापूर्वी बँकेकडून सुरू करून घ्यावी.

चीनमध्ये आता दुकानापेक्षा मोबाईलवर कुलूप उघडणाऱ्या सायकली अधिक. केचियाओच्या शेजारच्या हांगझोऊ शहराने २००८ मध्ये सार्वजनिक सायकली सुरू केल्या, तेव्हा पहिला तास मोफत ठेवला होता. पुढे खासगी कंपन्या आल्या. त्यांपैकी ओफो ही कंपनी २०१८ च्या अखेरीस अडचणीत आली आणि अनामत परत मागणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. पुण्यातही २०१७ च्या डिसेंबरात अशा सायकली आल्या होत्या, पण त्या योजना फार टिकल्या नाहीत. म्हणून अशा खात्यात गरजेपुरतेच पैसे टाकावेत. सायकल ठरलेल्या जागीच सोडावी, नाहीतर दंड कापतात.

दुकानातून घेताना सायकलचे चारही बाजूंनी फोटो दुकानदारासमोर काढावेत आणि असलेले ओरखडे पावतीवर लिहून घ्यावेत. चोरीला गेल्यास किती भरावे लागेल, हेही आधीच लिहून मागावे. हॉलंडमध्ये सायकलचोरी फार. तेथे बहुधा दोन कुलुपे देतात. दोन्ही लावावीत आणि किल्ली जपावी. चोरी झाल्यावर किल्ली दाखवता आली नाही तर विम्याचा आधारही सहसा मिळत नाही.

आता जिवाची गोष्ट. आपल्याकडील सायकलला पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा उजव्या हातात असतो. चीन आणि युरोपातील बहुतेक देशांत तो डाव्या हातात असतो. जव्हारचा घाट उतरणाऱ्याच्या हातांना जी सवय लागलेली असते, तीच तेथे उतारावर तोंडघशी पाडू शकते. हॉलंडच्या कित्येक सायकलींना तर हाताचा ब्रेकच नसतो. पेडल उलटे दाबले की चाक थांबते. निघण्यापूर्वी दुकानासमोर दोन चकरा माराव्यात, कोणी हसले तरी चालेल. या देशांत वाहतूक उजव्या बाजूने चालते. वळणावर हे हमखास विसरते. हॉलंडमध्ये २०१९ पासून सायकल चालवताना हातात मोबाईल धरणे गुन्हा आहे.

नमुन्यांची थैली हँडलला अडकवू नये, चाकात जाते. पुढे टोपली असलेली सायकल मागून घ्यावी.