लांब केसांचे मांजर : हौस, निगा आणि एक नवा रोजगार

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा खरा अर्थ मात्र घरात पर्शियन मांजर आले तेव्हा कळला. आमचा धंदा शिवणकामाचा. धाकट्या मुलीच्या हट्टापायी आम्ही एक पांढरेशुभ्र पिल्लू आणले. किंमत ठरवताना दुकानदाराशी तासभर घासाघीस केली आणि चार पैसे वाचले म्हणून खूश झालो. हे मांजर रोज किती वेळ मागते, हे ना आम्ही विचारले, ना त्याने सांगितले.

पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या काखेत, कानांमागे आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला केसांच्या जटा झाल्या. आम्ही दुकानातली कात्री घेतली. पहिली जट कापली, दुसरीबरोबर कातडीही कापली गेली. जनावरांच्या डॉक्टरांकडे टाके घालावे लागले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "कापडावर हात बसला म्हणून मांजरावर चालवू नका." आज अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरी अशी मांजरे दिसतात. आमची चूक इतरांनी करू नये आणि या कामात जो रोजगार आहे तोही ध्यानात यावा, म्हणून हा लेख.

जट का होते?

या मांजराच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब केस आणि खाली कापसासारखी मऊ लव. गळलेली लव खाली पडत नाही, वरच्या केसांत अडकते. त्यात ओल आणि तेलकटपणा मिसळला की ती नमद्यासारखी घट्ट बसते. लोकर दाबून नमदा करतात, तोच हा प्रकार. जट वाढली की प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते, खाली हवा लागत नाही, जखमा होतात. मांजर चिडके झाले, जवळ येईना, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी त्याच्या काखेत हात घालून पाहावे.

उपाय एकच, रोज फणी. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. विरळ आणि दाट दातांची पोलादी फणी घ्यावी, प्लास्टिकच्या कंगव्याने नुसते वरचे केस विंचरले जातात. टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जावे. गुंता लागला तर त्यावर थोडे मक्याचे पीठ भुरभुरून बोटांनी सोडवावा. घट्ट जट असेल तर कात्रीला हात लावू नये. मांजराची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर उचलली जाते, त्यामुळे केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली हे कळत नाही. तिथे केस काढण्याचे मशीन आणि जाणता हातच हवा.

आंघोळ आणि डोळे

जट तशीच ठेवून आंघोळ घातली तर ती आणखी आवळते. म्हणून आधी फणी, मग पाणी. पाणी कोमट असावे. आपला साबण वा शाम्पू वापरू नये, मांजरासाठीचा वेगळा मिळतो. नंतर मुळापर्यंत कोरडे करणे हे आंघोळीपेक्षा मोठे काम. आपल्याकडच्या दमट हवेत ओली लव म्हणजे बुरशीला आमंत्रण.

चपट्या नाकामुळे या मांजरांचे अश्रू नीट वाहून जात नाहीत. डोळ्यांखाली तपकिरी ओघळ उमटतात आणि वास येतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून रोज पुसावे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा.

वाळूचे भांडे

घरात वास येतो तो बहुधा मांजराचा नसतो, भांड्याचा असतो. मळ रोज दोन वेळा काढावा आणि भांडे स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. मागच्या भागाचे केस आखूड ठेवून घेतले तर मळ आणि ओली माती चिकटत नाही. मांजराच्या मळातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. तो मळात पडल्यानंतर निदान एक दिवस गेल्याशिवाय संसर्ग करण्याजोगा होत नाही, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. गरोदर स्त्रीला हे काम सांगू नये.

या मातीची कथा व्यापाऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. १९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एड लोव नावाचा तरुण तेल शोषून घेणारी माती विकत असे. ती मुलतानी मातीच्या जातीची. शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली, त्याने ही माती दिली. तिला ती इतकी आवडली की त्याने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटला विकायला ठेवल्या. वाळू मातीमोल भावात मिळत असताना ही कोण घेणार, असे दुकानदार म्हणाला. तर फुकट वाटा, म्हणून त्याने सांगितले. फुकट नेणारे पैसे घेऊन परत आले. १९९० साली त्याने धंदा विकला तेव्हा तो कोट्यवधी डॉलरांचा झाला होता. आज ओल लागताच गोळा होणारी बेंटोनाइट माती जास्त खपते आणि बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्या शेजारच्या कच्छमध्येच आहेत.

कारखान्यात मांजर असेल तर

शिंपी, जरीकाम करणारे आणि भरतकामाचे कारागीर यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही, तो गिळला जातो. आत एक टोक अडकले की आतडे दोऱ्यावर चुण्यांसारखे गोळा होते आणि चिरू शकते. शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. दोऱ्याला सुई असेल तर विचारायलाच नको. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये, कापूही नये, तसेच डॉक्टरांकडे न्यावे. आमच्या दुकानात आता रिळे आणि तुकडे डब्यात जातात आणि मांजर आत येत नाही. गिऱ्हाइकाच्या काळ्या शेरवानीवर पांढरा केस निघाला, तर आपली सगळी कारागिरी त्या एका केसाने झाकली जाते, हेही आहेच.

अत्तरवाल्यांनीही जपावे. अंगावर पडलेले सुगंधी तेल मांजर चाटून काढते आणि बरीच तेले त्याचे यकृत पचवू शकत नाही. पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशके आणि फिनेल यांनी पुसलेल्या ओल्या फरशीवर त्याला जाऊ देऊ नये. कुत्र्यांच्या पिसवांची परमेथ्रिन असलेली औषधे आणि माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकतात.

आजार ओळखा

अंगावर गोल टक्कल पडले, खवले निघाले तर गजकर्ण समजून डॉक्टरांना दाखवावे. ते मुलांना आणि कारागिरांनाही लागते. बोका भांड्यात वारंवार बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत प्राण जातो. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो. त्याची तपासणी होते, म्हणून पिल्लू घेताना आई-बापांचा तपासणी कागद मागावा. रेबीजची लस तर चुकवूच नये.

पाकीचा प्रश्न

मांजर घरात फिरणारा जीव आहे, त्याला नापाक समजू नये, अशा अर्थाची हदीस सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या लघवीची गोष्ट मात्र वेगळी. मुसल्ल्याची जागा आणि मांजराचे भांडे यांत अंतर राखणे हे मालकाचेच काम. मांजराच्या खरेदी-विक्रीबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना त्या धंद्यात पडायचे आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. आम्ही बोलतो आहोत ते देखभालीच्या मजुरीबद्दल.

हुनर असेल तर काम आहे

मांजर घेणारे वाढले, विंचरणारे थोडे आहेत. घरोघरी जाऊन काम करायला मोठे भांडवल लागत नाही. दोन फण्या, एक तारेचा ब्रश, चांगले मशीन, टॉवेल आणि गरम हवेचा पंखा एवढ्यावर सुरुवात होते. पण केस कापता येतात म्हणजे मांजर हाताळता येते, असे समजू नये. आधी कोणा जाणत्याकडे शागिर्दी करावी. मग हे नियम पाळावेत. लसीकरणाचा कागद पाहिल्याशिवाय हात लावू नये. गजकर्णाची शंका आली तर काम नाकारून डॉक्टरांकडे पाठवावे. प्रत्येक मांजरानंतर अवजारे निर्जंतुक करावीत. गुंगीचे औषध डॉक्टरांवाचून कोणीही देऊ नये. चपट्या नाकाचे मांजर उष्णतेने लवकर गुदमरते, ते गरम हवेपुढे एकटे सोडू नये. मजुरी आधी सांगावी आणि जटा किती आहेत ते मालकाला दाखवून मगच कामाला लागावे. जनावरे विकण्याचे दुकान काढायचे असेल तर २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

आणि विकणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे. पिल्लाबरोबर एक फणी द्या आणि ती कशी चालवायची ते दाखवा. त्या दिवशी आम्हाला कोणी दाखवले असते तर एका मुक्या जिवाच्या अंगावर टाके पडले नसते. घेणाऱ्यांनी किंमत विचारण्याआधी रोजची पंधरा मिनिटे आपल्याजवळ आहेत का, याचा हिशेब करावा. नसतील तर आखूड केसांचे देशी मांजर घ्यावे. ते आपले केस बहुतेक आपणच सांभाळते.

आमच्याकडे आता दुकान वाढवल्यावर मुलगी फणी घेऊन बसते. ते मांजर पहिल्यांदा तिच्या मांडीवर झोपले, तोवर टाक्यांना तीन महिने झाले होते.