ब्रायटनच्या मालिशघराची गिऱ्हाइके

मालिश करणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढताना दुखणेकऱ्याच्या मनात एकच हिशेब चाललेला असतो : दुखणे मोठे की संकोच मोठा? कंबर धरली आहे, खांदा वर जात नाही, हे सारे खरे. पण परक्या माणसाच्या हाती अंग द्यायचे कसे? आपल्या घरांतून तर हा संकोच जरा जास्तच. कित्येक भगिनी वर्षानुवर्षे गुडघ्याचे दुखणे अंगावर काढतात, सज्द्यात जाणे अशक्य होऊन खुर्चीवर नमाज पढू लागतात, पण कुणाला दाखवत नाहीत.

हाच संकोच ओळखून त्यावर आपला सारा धंदा उभा करणारा एक माणूस दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी होऊन गेला. तो मूळचा पाटण्याचा. नाव शेख दीन मुहम्मद. इंग्रजी वळणाने तिकडे त्याचे ‘साके डीन महोमेद’ झाले. त्याच्या मालिशघरात येऊन गेलेल्या गिऱ्हाइकांनी आपले अनुभव लिहून दिले आणि त्याने ते छापले. म्हणून गिऱ्हाइकांचे बोल काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे पाहायला याच्याइतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे सापडत नाही.

शेख दीन मुहम्मद यांचा जन्म 1759 चा. पोरवयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर कॅप्टन बेकर या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने हिंडू लागले आणि 1784 मध्ये त्याच्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी गेले. तिथे जेन डेली या आयरिश मुलीशी त्यांचे लग्न झाले. त्यासाठी त्यांनी ख्रिस्ती अँग्लिकन पंथ पत्करला, हेही वाचकांना सांगितले पाहिजे. पण पुढे आयुष्यभर दुकानाच्या पाटीवर आणि पुस्तकाच्या पानावर त्यांनी मुहम्मद हे नाव ठेवले, आणि त्या काळच्या इंग्लंडात ते ठेवणे सोपे नव्हते. 1794 मध्ये त्यांचे प्रवासवर्णन छापून आले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते.

मालिशकडे मात्र ते फार वळणे घेऊन आले. 1810 मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले. हुक्का, वेताच्या खुर्च्या, मसालेदार जेवण, सगळा थाट होता. पण दोन वर्षांत दिवाळे वाजले. पन्नाशी उलटलेल्या, पोराबाळांच्या या माणसाने मग घरकामाची नोकरी मिळावी म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. 1814 मध्ये ते ब्रायटनला आले. समुद्रस्नानासाठी श्रीमंत लोक तिथे लोटत असत. आधी दुसऱ्याच्या स्नानगृहात आणि नंतर स्वतःच्या जागेत त्यांनी वाफेचे स्नान आणि ‘शॅम्पूइंग’ सुरू केले. शॅम्पू म्हटले की आज आपल्याला बाटली आठवते. मुळात तो आपल्याकडचाच ‘चाँपना’, म्हणजे अंग दाबणे, रगडणे. आपले ‘पाय चेपणे’ कानाला त्याच्या किती जवळचे लागते! 1821 मध्ये समुद्रकिनारी त्यांचे मोठे स्नानगृह उभे राहिले.

आता तिथे गिऱ्हाइकाला काय अनुभव येई ते पाहू. पहिल्यांदा हिंदुस्थानी वनस्पती घातलेल्या पाण्याची वाफ. अंगाला दरदरून घाम सुटला की त्या माणसाला जाड लोकरी कापडाच्या एका तंबूत बसवत. तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून फक्त आपले हात आत घाली आणि अंग रगडी. त्याला आतले काही दिसत नसे. बायकांचा विभाग वेगळा होता आणि तिथे जेनची देखरेख असे.

तंबूला बाह्या शिवण्याची ही युक्ती आम्हांला त्या साऱ्या धंद्याचे मर्म वाटते. कापडामुळे वाफ आत राहत असेल, हा भाग आहेच. पण एक परका, सावळा, परदेशी माणूस आणि समोर इंग्लंडचे खानदानी लोक, अशा ठिकाणी कुणाची हया दुखावली जाऊ नये याचा विचार त्या शिवणीत आधीच झालेला होता. गिऱ्हाइकाला तोंडाने काही सांगावे लागत नव्हते. ‘मला लाज वाटते’ हे वाक्य म्हणायची पाळीच येत नव्हती.

सुरुवातीला लोकांनी चेष्टाच केली, असे ते स्वतः लिहितात. मग एकेक दुखणेकरी बरा वाटून जाऊ लागला. संधिवात, कंबरदुखी, आखडलेले हातपाय, अर्धांग, दमा अशा तक्रारी घेऊन लोक येत. ज्यांना चालता येऊ लागले ते आपल्या कुबड्या तिथेच ठेवून जात आणि त्या कुबड्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगल्या जात. नव्या गिऱ्हाइकाची पहिली नजर त्यांवरच पडे. यापेक्षा बोलकी जाहिरात कोणती? 1820 मध्ये त्यांनी रोग्यांनी स्वतः लिहिलेल्या हकिकतींचे पुस्तक काढले आणि 1822 मध्ये ‘शॅम्पूइंग’ या नावाने मोठे पुस्तक. त्यात पत्रे आहेत, आभार आहेत, काहींनी तर चक्क कविता रचल्या आहेत. राजे चौथे जॉर्ज आणि त्यांच्यामागून चौथे विल्यम यांच्या मालिशचे काम त्यांच्याकडे आले. इस्पितळे रोगी पाठवू लागली, आणि गावात त्यांना ‘डॉक्टर ब्रायटन’ म्हणू लागले.

पण या पत्रांवर किती विश्वास ठेवायचा? आमचे मत असे, की दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ‘मला आराम वाटला, आदराने वागवले, दुखऱ्या जागी हात हलका पडला’ असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा त्याच्याइतका दुसरा साक्षीदार नाही. पण ‘माझा रोग गेला’ असे ते म्हणते तेव्हा थांबावे. वाफ आणि मालिश यांनी आखडलेल्या स्नायूंना उतार पडतो, झोप लागते, काही काळ कंबर हलकी होते, हे आजही मान्य आहे. दमा किंवा अर्धांग मालिशने बरा झाला, असे मात्र कोणी पत्रात लिहिले म्हणून ते सिद्ध होत नाही. शिवाय जे लंगडत आले आणि लंगडतच परत गेले, त्यांची पत्रे कुठे आहेत? त्यांच्या कुबड्या त्यांच्याबरोबर गेल्या.

शेख दीन मुहम्मद यांची बाजूही सरळ नव्हती. या पुस्तकात त्यांनी आपला जन्म 1749 चा सांगितला आणि कलकत्त्याच्या इस्पितळात शिक्षण घेतल्याचे लिहिले. त्यांच्याच पहिल्या पुस्तकाशी हे जुळत नाही. त्यांच्या कबरीवरही वय 101 कोरलेले आहे. खरे वय ब्याण्णवच्या आसपास. हाताच्या कसबाला कोणी किंमत देत नाही, पदवीला देतात, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या खोटेपणाचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ज्या समाजाने एका कुशल मालिशवाल्याला शल्यवैद्य म्हणवून घ्यायला लावले, त्या समाजाचीही यात जबाबदारी आहे. आपण तरी काय करतो? ‘प्यासा’ चित्रपटातला जॉनी वॉकरचा अब्दुल सत्तार सगळ्यांना आवडतो. पण तसा मालिशवाला सोयरिकीसाठी दारी आला तर किती घरांत त्याला खुर्ची मिळेल? हातांच्या कष्टाची हलाल रोजी, असे आपण तोंडाने फार म्हणतो.

आपल्याकडे मालिशवाल्या बाईचा हात सर्वांत जास्त लागतो तो बाळंतिणीला. चाळीस दिवस ती बाई येते, तेल कोमट करते, आई आणि बाळ दोघांचे अंग रगडते. तिची चौकशीही आपण अशीच करतो : अमक्याच्या सुनेला हिचा फार गुण आला. चौकशी अवश्य करावी, पण काय विचारायचे ते ठरवून. दुखते म्हटले तर हात थांबवते का? एका घरातल्या गोष्टी दुसऱ्या घरात बोलते का? चादर पांघरून एकेक अवयव उघडा करते, की सगळे अंग उघडे टाकते? हे शेजारीण सांगू शकते. पण सिझेरियनची जखम भरली आहे का आणि पोटावर हात केव्हा लावावा, हे शेजारणीने किंवा मालिशवालीने सांगायचे नाही, डॉक्टरला विचारायचे. आणि एकच पाय सुजून गरम लागत असेल, पोटरीत कळ येत असेल, तर त्यावर कुणालाही मालिश करू देऊ नका. बाळंतपणानंतर रक्ताची गाठ होण्याचा धोका जास्त असतो, आणि रगडल्याने ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. तडक दवाखाना गाठावा. ताप असताना, हाड मोडल्याची शंका असताना किंवा कातडीवर उघडी जखम असताना मालिश नको. ‘आमच्या सासूबाईंना तर याने बरे वाटले होते’ हे उत्तर इथे चालणार नाही.

ब्रायटनचे ते वैभव टिकले नाही. दुसरे लोकही तशीच स्नानगृहे काढू लागले, दरबारी मंडळींचे येणे कमी झाले, आणि म्हातारपणी ते मोठे स्नानगृह शेख दीन मुहम्मद यांच्या हातून गेले. 24 फेब्रुवारी 1851 रोजी ते वारले. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे.

त्यांचा एक नातू तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्याचे नाव फ्रेडरिक अकबर मुहम्मद. तो खराखुरा डॉक्टर झाला. लंडनच्या गाइज इस्पितळात नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारून त्याने रक्तदाबाचा अभ्यास केला, आणि मूत्रपिंडाचा विकार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो हे दाखवले. पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या वतीने देशभरच्या डॉक्टरांकडून रोग्यांची माहिती ठरावीक नमुन्यात भरून मागवण्याच्या कामात त्याने पुढाकार घेतला. आजोबांनी बरे झालेल्यांची पत्रे जमवली होती. नातवाच्या नमुन्यात बरे न झालेल्यांचीही नोंद व्हायची होती. 1884 मध्ये, ऐन पस्तिशीत, तो विषमज्वराने गेला.