चर्चगेट ४० किलोमीटर, खिशात पाऊण किलो

हे वाचताय तिथेच एक काम करा. खिशातलं सगळं बाहेर काढून टेबलावर मांडा. फोन, पाकीट, किल्ल्या, इअरबड्सची डबी, पॉवर बँक, गळ्यातून काढून खिशात कोंबलेलं आयकार्ड, तळाशी साठलेली चिल्लर आणि शाई उडालेल्या दोन-चार पावत्या. पावत्या सरळ कचऱ्यात टाका. बाकीचं किचनमधल्या काट्यावर ठेवा. काटा नसेल तर बिल्डिंगखालच्या किराणावाल्याला मस्का मारा, दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा तो हसत हसत मोजून देईल.

कव्हर घातलेला फोन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास जातो. दहा हजारची पॉवर बँक जवळपास तेवढीच. पाकीट शंभर, किल्ल्यांचा जुडगा कीचेनसकट ऐंशी, इअरबड्स पन्नास, चिल्लर पन्नास. पाऊण किलो होतात सहज. म्हणजे मीरा रोड स्टेशनचा पूल चढताना तुम्ही खिशात पाऊण किलो कांदे घेऊन चढता असं समजा.

इंटरनेटवर या विषयाचा एक वेगळाच संप्रदाय आहे. ‘एव्हरीडे कॅरी’, थोडक्यात ईडीसी. त्यातली मंडळी खिशातल्या वस्तूंचे सुंदर फोटो काढतात आणि टायटॅनियमची की-रिंग घेऊन नऊ ग्रॅम कसे वाचवले यावर तासभर बोलतात. बघायला मजा येते, खोटं कशाला बोला. पण त्यातले बरेच जण गाडीने फिरतात. काही विसरलं तर ते गाडीत असतं. आपली गोष्ट तशी नाही.

कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहणारी तुमची मैत्रीण आठवा. दोन लेक्चरच्या मधे ती घरी जाऊन जेवून येते, फोन चार्जिंगला लावते, पाऊस आला तर छत्री आणते. तिचा खिसा हलका असतो, कारण तिचं घरच तिचा खिसा आहे. तुम्ही हटकेशहून, नवघर रोडवरून किंवा पार उत्तनहून निघता. चर्चगेट मीरा रोडपासून साधारण ४० किलोमीटर, भाईंदरपासून ४३. सकाळी सहाला बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी सातपर्यंत घराचं तोंड बघत नाही. मग चार्जही सोबत, पाणीही सोबत, डबाही सोबत. आई-बाबा दोघं कामावर, म्हणून लॅचची किल्लीही सोबत. तुमच्या खिशात आहे ते खरं तर अंतराचं वजन आहे. त्यामुळे ‘मी फक्त फोन आणि एक कार्ड घेऊन फिरतो’ अशी फुशारकी कोणी मारली की त्याला आधी विचारा, राहतोस कुठे?

मग हे पाऊण किलो खरंच जाणवतं का? पंचावन्न किलोच्या माणसाच्या मानाने ते दीड टक्काही नाही. आकडा किरकोळ आहे. खरा प्रश्न, ते लटकतंय कुठे हा.

१९६९ साली सोल आणि गोल्डमन या दोन अमेरिकी संशोधकांनी माणसांना डोक्यावर, हातात आणि पायांत ओझं देऊन चालवलं आणि किती शक्ती खर्च होते ते मोजलं. तेवढंच वजन शरीराचा भाग म्हणून वागवायला जेवढी शक्ती लागते, तिच्या तुलनेत डोक्यावरच्या ओझ्याला सुमारे १.२ पट लागली. हातातल्या ओझ्याला भरभर चालताना जवळपास दुप्पट. आणि पावलांवरच्या ओझ्याला वेगानुसार चार ते सहा पट. उत्तनच्या कोळणी मासळीची पाटी डोक्यावर का घेतात याचं उत्तर त्यांना कोणत्या जर्नलमध्ये शोधावं लागलं नव्हतं. पाटी मणक्याच्या बरोबर वर बसते, हलत नाही, आणि पैसे असतात कनवटीला, कमरेशी घट्ट.

पाय दर पावलाला उचलावा लागतो, पुढे फेकावा लागतो, थांबवावा लागतो, म्हणून पायाकडचं वजन महाग पडतं. आता तुमची कार्गो पँट बघा. गुडघ्याजवळच्या त्या ऐसपैस खिशात पॉवर बँक टाकली की ती प्रत्येक पावलाला मांडीवर थाप मारते. लंबकच तो. तीच पॉवर बँक जीन्सच्या पुढच्या घट्ट खिशात ठेवली तर हलत नाही आणि अर्धीच वाटते, ग्रॅम तेवढेच असून. ट्रॅकपँटची तर वेगळीच व्यथा. पाचची फास्ट पकडायला एका हाताने खिसा आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून जिना उतरणारे वीर तुम्ही रोज पाहता. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल.

आणि बूट! जाड तळव्याचे स्नीकर साध्या बुटांपेक्षा एका पायाला दीडशे ग्रॅम जास्त भरले, तर दोन्ही पायांचे झाले तीनशे. वरच्या हिशेबाने ते सव्वा-दीड किलो अंगावर वागवण्यासारखं झालं. पावसात भिजले की आणखी. म्हणजे की-रिंगमधले नऊ ग्रॅम वाचवण्याआधी खाली पायांकडे बघायला हवं. (स्टाइल सोडा असं म्हणत नाहीये. किंमत माहीत असावी एवढंच.)

चिल्लरीचा हिशेब मला फार आवडतो, कारण इथे सरकारच वजन ठरवून देतं. २०१९च्या मालिकेतलं वीसचं नाणं ८.५४ ग्रॅम, दहाचं ७.७४, पाचचं ६.७४, दोनचं ४.०७ आणि एकचं ३.०९. पूर्वीचं पाचचं जाडजूड नाणं तर ९ ग्रॅमचं होतं, बाबांना विचारा, हातात घेतलं की पैसे असल्यासारखं वाटायचं. पाच-पाचची दहा नाणी म्हणजे ६७ ग्रॅम, आणि तेच पन्नास रुपये नोटेत जेमतेम एक ग्रॅम. यूपीआय आल्यापासून चिल्लर कमी झाली, पण संपली नाही. नेटवर्क गेलं की शेअर रिक्षावाला ‘सुट्टे द्या’ म्हणतोच. पाच-सहा नाणी ठेवा, बाकीची रोज रात्री डब्यात रिकामी करा. नाण्यावर सालाखाली छोटा हिरा दिसला तर ते आपल्या फोर्टच्या टांकसाळीत पडलेलं आहे. हिऱ्याचं कौतुक जरूर करा, पण डब्यात टाकता टाकता.

मुलांनो, मागच्या खिशातलं पाकीट. त्याचा त्रास वजनापेक्षा जाडीचा आहे. भाईंदर लोकलची सीट मिळावी म्हणून तुम्ही मीरा रोडहून उलटे भाईंदरला जाता, रिटर्न मारता, सीट मिळवता आणि मग तासभर एका बाजूने उंच होऊन बसता. कुल्ल्याच्या स्नायूखालून पायाकडे जाणारी सायटिक नस अशाने दबू शकते. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९७८ सालीच या दुखण्यावर टिपण आलं होतं, आणि त्यात या दुखण्याला नावच क्रेडिट कार्डांच्या पाकिटावरून दिलं होतं. आता तर निम्मी कार्डं फोनमध्ये असतात, तरी पाकीट फुगलेलंच. पाकीट पुढच्या खिशात आणलं की पाठीचाही प्रश्न सुटतो आणि पाकीटमाराचाही.

पण हलकं म्हणजे चांगलंच, असंही नाही. नोकिया ११०० हा फोन ८६ ग्रॅमचा होता, ३३१० होता १३३ ग्रॅमचा, आणि आयफोन १४ प्रो मॅक्स आहे २४० ग्रॅमचा. एवढं वजन खिशातून गेलं तर मांडीला लगेच कळतं. गर्दीत आपण सारखा खिसा चाचपत नाही, खिशाचा भार आपल्याला आतून सांगत असतो की वस्तू आहे. याउलट लॅचची सुटी किल्ली आठ-दहा ग्रॅमची असते. ती बोरिवलीला पडली की अंधेरीला, हे घराच्या दारात उभं राहिल्यावर कळतं. इअरबड्सची डबीही तशीच, गुळगुळीत आणि उथळ खिशातून सटकणारी. म्हणून किल्ल्यांना एक जाडसर, बोजड कीचेन असू द्या. ते चाळीस ग्रॅम वाया जात नाहीत, ते पहारा देतात.

जिथे खरंच किलोने कमी होतं ती जागा खिशात नाहीच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, स्टीलच्या बाटलीचे तीन-चारशे ग्रॅम वेगळे. खिशातल्या सगळ्या संसाराच्या जवळपास दुप्पट. कॉलेजात पाणी भरायची बरी सोय असेल तर अर्धा लिटरची बाटली दोनदा भरा. पॉवर बँकेचंही तेच. दहा हजार एमएएच लिहिलेल्या बँकेतून फोनपर्यंत साठ-पासष्ट टक्के पोचतात, म्हणजे सहा-साडेसहा हजार. पाच हजारच्या बॅटरीचा फोन त्यात एकदा पूर्ण भरून थोडं उरतं. तेरा तासांच्या दिवसाला ते पुरतं. वीस हजारची वीट कशाला? मुक्कामाच्या ट्रेकला जाताना घ्या.

२०१५ साली तुमच्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत होते. त्या जुलैमध्ये राज्य सरकारने दप्तराचं ओझं कमी करण्याचा निर्णय काढला होता, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको म्हणून. २०२०च्या केंद्राच्या धोरणातही तीच दहा टक्के मर्यादा आली. बारावी झाली आणि हा आकडा कोणी उच्चारेनासं झालं. पन्नास किलोच्या मुलीला पाच किलो. आता लॅपटॉप दोन, चार्जर पाव, पाणी-बाटली सव्वा, डबा पाऊण, वह्या, छत्री... ओलांडली ना? आणि शाळेतलं पोर दप्तर घेऊन रिक्षात बसायचं, तुम्ही ते घेऊन विरार लोकलमध्ये उभे राहता. तुमच्या कॉलेजात लॉकर असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर विद्यार्थी प्रतिनिधीला विचारायला हा चांगला प्रश्न आहे, फेस्टच्या बजेटइतकाच चांगला.

बॅग पोटाशी घ्यायची हे तुम्हाला सांगायला नको, मीरा रोडला डब्यात शिरताना ते आपोआप होतं. दारात मात्र तेवढ्याने भागत नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जणांचा जीव गेला. प्रवाशांच्या बॅगा एकमेकींना घासल्या असाव्यात, असं तेव्हा रेल्वेकडून सांगितलं गेलं. गर्दीचं खापर बॅगेवर फोडणं मला पटत नाही, गाड्या पुरेशा असत्या तर दारात कोणी लटकलंच नसतं. तरी बाहेरच्या बाजूला गेलेली एक वीत जाडीची बॅग तुमचा तोल बाहेर ओढते, हे खरंच आहे. आत शिरायला जागा नसेल तर ती गाडी सोडा. पुढची येते.

आता इतका वेळ खिसा, खिसा ऐकून मुली वैतागल्या असतील. कुठला खिसा? कुर्तीला नाही, लेगिंग्जला नाही, आणि जीन्सला असतो त्यात फोन अर्धा बाहेर डोकावतो. आजोबांच्या बंडीला आत चोरखिसा असायचा, आजीकडे कमरेला चंची. मधल्या काळात बायकांच्या कपड्यांतून खिसा कुठे गेला कोण जाणे. त्याचा परिणाम असा की भावाचं पाऊण किलो दोन मांड्यांवर वाटलं जातं, आणि बहिणीचं पर्समधून एका खांद्यावर येतं. रोज तोच खांदा. पर्सच्या स्वतःच्या वजनासकट. शिवाय लेडीज डब्यात फोन हातातच राहतो, आणि दाराशी उभं असताना हातातल्या फोनवर फटका मारणारे रुळांच्या कडेला टपलेले असतात. निदान पर्सचा पट्टा आडवा, छातीवरून घ्या आणि येता-जाता खांदा बदला.

तयार कुर्तीत खिसा आला तर उत्तमच, हल्ली काही ठिकाणी मिळतोही. पण गल्लीतल्या टेलरकडून शिवून घेणार असाल तर नुसतं ‘खिसा लावा’ म्हणून येऊ नका. नुसत्या बाजूच्या शिवणीला लोंबता खिसा लावला तर दोनशे ग्रॅमचा फोन अख्खी कुर्ती एका बाजूला ओढतो आणि गळाही तिरका दिसतो. खिशाचं तोंड हाताच्या पंजाएवढं ठेवायला सांगा, खोली फोनपेक्षा चार बोटं जास्त. अस्तर सुती आणि जाड घ्या. सलवार किंवा पँट शिवत असाल तर खिशाची पिशवी वर कमरपट्टीत टाचून घ्या, म्हणजे भार कापडावर न येता कमरेवर येतो. टेलर म्हणेल, ‘मॅडम, फिटिंग बिघडेल.’ फोन त्याच्या हातात द्या आणि माप घ्यायला सांगा.