अवकाशातली भागीदारी – लेखांक ६ : रसायनीचा धडा

अंतराळवीरांना अवकाश स्थानकावर नेण्या-आणण्याचे काम नासाने २०१४ मध्ये बोइंग आणि स्पेसएक्स या दोन कंपन्यांना ठरीव रकमेत दिले, हे मागच्या लेखांकात पाहिले. पुढे २०२४ मध्ये बोइंगच्या स्टारलायनरमध्ये बिघाड झाला, ते रिकामेच परतले आणि त्यातून वर गेलेले सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून उतरले. यावरून ‘सगळे खासगी उद्योगाकडे द्या’ असे सांगणारे एक गोष्ट विसरतात. नासाची अब्रू वाचली ती हाताशी दुसरा पुरवठादार होता म्हणून. जिथे दुसरा नसतो तिथे काय करायचे, याचे उत्तर आपल्या रायगड जिल्ह्यातच, पाताळगंगेकाठच्या रसायनीत मिळते.

माणसाला अवकाशात नेण्यासाठी इस्रोने आखलेल्या गगनयानाच्या प्रक्षेपकाचा द्रवइंधन टप्पा दोन ‘विकास’ इंजिनांवर चालतो. त्यांना लागणारे ऑक्सिडायझर म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइड. इंधनाला नुसते भिडले तरी पेट घेणारे, जेमतेम २१ अंश सेल्सिअसला उकळणारे आणि तांबूस विषारी वाफा सोडणारे हे रसायन. रॉकेटखेरीज त्याला फारसा खप नाही, म्हणजे देशात मोठे गिऱ्हाईक एकच, इस्रो. ते बनवणारी हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी तोट्यात बुडाली, तेव्हा मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले न परवडणारे विभाग बंद करायचे ठरवले. हा एक विभाग मात्र कामगारांसह इस्रोकडे सोपवला. ताळेबंद पाहिला असता तर तोही गेला असता.

यावर आक्षेप येईल, की बुडाली ती सरकारी कंपनीच होती. मग सरकारी मालकीची तरफदारी कशासाठी? आक्षेप रास्त आहे. पण इथे प्रश्न मालकीपेक्षा गरजेचा आहे. इतर रसायनांच्या तोट्याने हा विभागही ओढला जात होता. ज्याला माल हवा त्याच्याच हाती हा विभाग दिल्यावर त्याचे भवितव्य बाजारभावावर अवलंबून राहिले नाही. उलट जिथे कारखानदाराला इतरही कामे आहेत, तिथे खासगी हातच बरे. गगनयानाच्या एस-२०० बूस्टरचा ३.२ मीटर व्यासाचा, साडेपाच टनांचा मधला भाग लार्सन अँड टुब्रोने पवईत बनवून २०२० मध्ये मुदतीआधी दिला. जाड पोलाद वळवण्याचे, जोडण्याचे हे कसब संरक्षण आणि अणुऊर्जेच्या कामांतही खपते. इस्रोची मागणी वर्षभर थंडावली तरी यंत्रे आणि माणसे रिकामी बसत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की एकच पुरवठादार ठेवणे, मग तो स्वतः इस्रो का असेना, धोक्याचेच. तेही खरे, आणि मागणी वाढली तर दुसरा कारखाना उभा राहावा हे बरे. पण वर्षाला मोजकीच उड्डाणे असताना त्या दुसऱ्याला जगवायचा खर्चही अखेर सरकारी तिजोरीतूनच जाणार. म्हणून वाटणी करताना ‘सरकारी की खासगी’ याआधी दोन प्रश्न विचारावेत: या वस्तूला गिऱ्हाइके किती, आणि पुरवठा थांबला तर पर्याय कोणता? दोन्हींची उत्तरे अडचणीची असतील, तर ती कडी सरकारने स्वतःच्या हाती ठेवावी. माणसाला वर पाठवण्याची जबाबदारी कंत्राटाने अंगावेगळी करता येत नाही.

(पुढील लेखांकात : अपघात झाला तर भरपाई कोणाची?)