खडकाळ किनाऱ्यावर ज्येष्ठांनी जावे का?

गेल्या उन्हाळ्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. सारे कुटुंब मालवणला गेले होते. नातवंडे खडकांत रमली आणि आजी दोन तास गाडीतच बसून राहिल्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात उकाडा आणि पाणी पिणे कमी. गाडीतून उतरताना त्यांना भोवळ आली. ‘‘डॉक्टर, खडकांवर जाऊ नका, असे तुम्हीच सांगितले होते ना?’’ या प्रश्नाने मी ओशाळलो. पडण्याचा धोका मी सांगितला होता. तो टाळून जावे कसे, हे सांगायचे राहिले होते.

तारकर्लीची वाळू पर्यटकांनी गजबजलेली असते. तेथून जवळच, मालवण शहरातील रॉक गार्डनलगतचा किनारा मात्र खडकाळ आहे. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. त्यात प्रवाळ, समुद्रफुले, रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे आणि बोटभर मासे दिसतात. हे पाहायला पोहावे लागत नाही. वेळ साधावी लागते.

वेळ पंचांगात पाहावी

भरतीचा जुना ठोकताळा घरातील ज्येष्ठांना बहुधा ठाऊक असतो : तिथीला पाऊणने गुणावे. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, तर त्यानंतर साधारण सहा तासांनी, सव्वाआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. ठिकाणानुसार तासाभराचा फरक पडतो. म्हणून आदल्या दिवशी स्थानिक मच्छीमारांना विचारावे. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी अधिक उतरते आणि ओहोटी सकाळच्या कोवळ्या उन्हात मिळते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. पाणी फारसे उतरत नाही आणि ओहोटी भर दुपारी येते. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे, पाणी वळताच परतावे. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नये.

पाऊल जपून

हिरवट, ओल्या खडकावर शेवाळ असते. त्यावर पाय ठेवू नये. खडक ओला आहे याचा अर्थ लाट तेथवर येते, म्हणून समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. साधी चप्पल किंवा अनवाणी पाय नको; टाचेला पट्टा असलेली, रबरी तळाची पादत्राणे घालावीत. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते आणि कालवांच्या धारदार कडेने कापलेले कळतही नाही. हाती काठी असावी आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाने केवळ त्यांच्याकडेच लक्ष द्यावे.

खळग्यात वाकून पाहिल्यावर झटकन उठल्यास रक्तदाब उतरून तोल जातो. त्यापेक्षा कोरड्या, सपाट जागी घडीची खुर्ची ठेवून बसूनच पाहावे. निघण्यापूर्वी न्याहारी करावी. पाणी, टोपी, नेहमीची औषधे आणि मधुमेहींसाठी साखर जवळ ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्यांना थेट रुग्णालयात न्यावे.

खरचटल्यास जखम पिण्याच्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. मधुमेह वा यकृताचा विकार असणाऱ्यांत समुद्राच्या पाण्यातील जंतूंचा संसर्ग झपाट्याने पसरू शकतो. लाली, सूज, ताप किंवा वाढती वेदना दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि जखम समुद्रात झाल्याचे सांगावे. धनुर्वाताच्या लसीचीही चौकशी करावी.

कपारीत हात घालू नये. प्रवाळ तोडू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे, आणि मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य आहे.

ज्यांना सपाट जमिनीवरही आधाराविना चालता येत नाही किंवा ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी खडकांच्या अलीकडेच बसावे. मात्र तेथेही सावली हवी, सोबत हवी. बंद गाडी नको.

हिवाळ्यात त्याच आजींनी तिथी मोजून सहलीचा दिवस ठरवला. पुढच्या तपासणीला आल्या, तेव्हा मी रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधीच त्यांनी खेकड्याची हकिगत सुरू केली. ती पुरी होईपर्यंत मी थांबलो.